सवलत चिप्सवर, कर डाळीवर!

पगार झाला की आपली कष्टकरी माणसेही आता सुपरमार्केटची पायरी चढतात. आत शिरताच बिस्किटे, चिप्स, नूडल्सचे ढीग आणि त्यावर 'एकावर एक फ्री'च्या पाट्या! बिलाच्या रांगेत लेकरांच्या हाताला लागतील अशी चॉकलेटे. ही मांडणी योगायोगाने होत नाही. तूरडाळीवर तूरडाळ फ्री मिळाल्याचे कुणी पाहिले आहे काय?

व्यापारी नफा पाहणारच. पण सरकारचे काय? 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटांवरील जीएसटी 18 वरून आणि चिप्सवरील 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पाकीटबंद डाळीवर जुलै 2022 मध्ये लावलेला 5 टक्के कर मात्र तसाच राहिला. म्हणजे डाळ आणि चिप्स एकाच मापात! गोड सोडापेयांवर 40 टक्के कर लावणाऱ्या सरकारला हा फरक कळत नाही, असे कसे म्हणावे?

इंग्लंडने ऑक्टोबर 2022 पासून मोठ्या दुकानांच्या दाराशी व गल्ल्यापाशी असे पदार्थ मांडण्यास मनाई केली. ऑक्टोबर 2025 पासून त्यांवरील 'एकावर एक फ्री'ही बंद केले.

आपल्या संविधानाचे 47 वे कलम जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यांना 'सकस खा' असा उपदेश करण्याआधी डाळीवरचा कर हटवा, ही आमची मागणी आहे.