बोर्ड सगळ्यात शेवटी घ्या

इन्व्हर्टरची बॅटरी किती उरली हे मोबाइलवर दिसावं आणि गच्चीवरची टाकी भरली की मोटर बंद व्हावी, एवढीच ज्याची गरज, त्याच्या गळ्यात आठ जीबी रॅमचा रास्पबेरी पाय ५ हा एका बोर्डावरचा संगणक मारला जातो. यूट्यूबवरचे सल्लागार त्यावर माना डोलावतात. मी याला फसवणूक म्हणतो. ती खपते, कारण गिऱ्हाईक सुरुवातच बोर्डापासून करतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा, नाहीतर पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास; पहिला प्रश्न कानावर येतो तो ‘कुठला बोर्ड घेऊ?’ हाच. बॅटरी किती अँपिअर-अवरची, लोड किती, वीज किती तास जाते, हे घेणारा सांगत नाही आणि विकणारा विचारत नाही.

मुळात काम केवढं आहे ते बघा. बॅटरीचं व्होल्टेज सावकाश बदलतं. दहा सेकंदांनी एक आकडा मिळाला तरी पुष्कळ झालं. असे आकडे पाठवायला जो एमक्यूटीटी प्रोटोकॉल आज घराघरांत वापरतात, तो १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार केला. बँडविड्थ आणि बॅटरी दोन्ही कमीत कमी खर्च व्हाव्यात, ही त्यांची गरज होती. ओसाड मुलखातल्या मैलोगणती पाइपलाइनी ज्या काटकसरीत सांभाळल्या गेल्या, त्याच कामासाठी तुमच्या दोन खोल्यांना चार कोअरचा, २.४ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर लागतो असं कुणी सांगत असेल तर त्याला दुकानाबाहेर पडून उत्तर द्या. चार-पाचशे रुपयांच्या आसपास मिळणारा ईएसपी ३२ बोर्ड हे काम करतो. त्यात वायफाय आहे, ब्लूटूथ आहे, आणि वीज गेली-आली तरी काही सेकंदांत तो पुन्हा कामाला लागतो.

आता बोर्ड स्वतः किती वीज खातो ते मोजा. पाय ५ साठी कंपनी ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा पुरवठा सुचवते. तो काही न करता नुसता चालू राहिला तरी अडॅप्टरमधली गळती धरून चार वॉटच्या आसपास घेतो. चोवीस तासांचे झाले ९६ वॉट-अवर. शहरातल्या १५० अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर बॅटरीला हे जाणवणार नाही. पण शेतावरच्या खोलीत सोलरवर चालणारी ४० अँपिअर-अवरची बॅटरी धरा. तिच्यात १२ व्होल्टच्या हिशेबाने ४८० वॉट-अवर मावतात. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे २४०. त्यातले ९६ बॅटरीवर ‘लक्ष ठेवणारा’ बोर्डच खाणार! आषाढात चार दिवस ऊन पडलं नाही की हा पहारेकरीच बॅटरी संपवतो. त्यात हा बोर्ड इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावला, तर रिकामा इन्व्हर्टर चालू ठेवण्याचा खर्च वेगळा. १२ व्होल्टवरून थेट ५ व्होल्ट देणारा छोटा बक कन्व्हर्टर लावा, हे साधं वाक्य विक्रेत्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

सगळ्यात मोठा गुन्हा मात्र मोजमापात होतो. रास्पबेरी पायच्या पिनांना ॲनालॉग व्होल्टेज वाचताच येत नाही, त्यासाठी वेगळी चिप लागते. ईएसपी ३२ ला वाचता येतं, पण त्याचं वाचन सरळ रेषेत नसतं. स्वस्थ पडलेली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि निम्मी झाली की १२.२ च्या आसपास. निम्म्या बॅटरीचा सगळा हिशेब या अर्ध्या व्होल्टमध्ये आहे. वाचनात दोन टक्के चूक झाली तर पाव व्होल्ट गेला, म्हणजे पाव बॅटरीचा पत्ताच नाही. शे-दोनशे रुपयांची एडीएस १११५ ही सोळा बिटची चिप आणि नीट निवडलेले दोन रेझिस्टर हा प्रश्न सोडवतात. महागडा बोर्ड तो सोडवत नाही.

तरीही नुसत्या व्होल्टेजवर विसंबू नका. लोड चालू असताना ते खाली पडतं, चार्जिंग चालू असताना वर जातं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत तर मधल्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा जमाखर्च ठेवायचा तर करंट मोजावा लागतो. इथे बाजारात आयएनए २१९ चं छोटं मॉड्यूल ‘बॅटरी मॉनिटर’ म्हणून सर्रास दिलं जातं. त्यावरचा शंट, म्हणजे करंट मोजायचा छोटा रेझिस्टर, जेमतेम ३.२ अँपिअरपर्यंत मोजतो. आठशे वॉटच्या लोडला इन्व्हर्टर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ६५ अँपिअरहून जास्त ओढतो. ते मॉड्यूल त्या तारेत बसवायला सांगणारा माणूस आग लावायला सांगतो आहे. बॅटरीच्या निगेटिव्ह केबलवर शंभर अँपिअरचा, ७५ मिलिव्होल्टचा शंट बसवा आणि पॉझिटिव्ह टर्मिनललगत फ्यूज. मोटरचंही तेच. एक हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना चालू करंटच्या कित्येक पट ओढते, आणि दहा अँपिअर लिहिलेल्या निळ्या रिलेचे काँटॅक्ट चिकटून बसतात. मग बोर्ड ‘बंद’ म्हणतो आणि मोटर चालूच राहते. मधे काँटॅक्टर हवाच, आणि २३० व्होल्टचं काम परवानाधारक वायरमनकडूनच.

‘स्वस्त’ या शब्दावर भाळणाऱ्यांनाही सांगतो. २०२१ ते २०२३ या टंचाईच्या काळात पाय मिळेनासा झाला आणि त्याच्यासारखे दिसणारे कितीतरी बोर्ड बाजारात आले. त्यांतल्या अनेकांचा वैशिष्ट्यांचा तक्ता भारी होता, पण कंपनीने एकदा ओएसची फाइल टाकली आणि पाठ फिरवली. अशा बोर्डांसाठी लिनक्स तयार करणारे आर्मबियनचे स्वयंसेवक नसते तर त्यातले कित्येक आज कचऱ्यात असते. जुना ३२ बिटचा बोर्ड घेणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की होम असिस्टंट या घरातली उपकरणं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने २०२५ मध्ये ३२ बिट यंत्रांचा आधार काढून घेतला. बोर्डाचं आयुष्य त्याला किती वर्षं अपडेट मिळतात यावर ठरतं.

आणि वीज गेल्यावर जी यंत्रणा आंधळी होते, ती कसली बॅटरी सांभाळणार? घराचे आकडे परदेशातल्या सर्व्हरवर पाठवून मोबाइलवर परत आणणारी उपकरणं राउटर बंद पडला की मुकी होतात. मालक कंपनीने हात वर केले तर कायमचीच. ‘रिव्हॉल्व’ हा स्मार्ट घरासाठीचा तीनशे डॉलरचा हब मे २०१६ मध्ये बंद करण्यात आला, आणि एप्रिल २०२२ मध्ये इनस्टीऑन या स्मार्ट-होम कंपनीचे सर्व्हर अचानक थांबले. पैसे मोजून घेतलेली वस्तू लोकांच्या भिंतींवर निकामी होऊन बसली. घराची वीज घरातच मोजली गेली पाहिजे, आकडे घरातच राहिले पाहिजेत.

‘पुढे कॅमेरे लावायचे आहेत, मोठा बोर्ड घेतलेला बरा,’ हे उत्तर मला पाठ आहे. कॅमेरे लावाल तेव्हा मोठा बोर्ड घ्या. तोवर बॅटरीवर त्याचा भार कशाला? बॅटरी आणि टाकीपाशी ईएसपी ३२ ठेवा. आकडे साठवून आलेख आणि इशारा एवढंच हवं असेल तर एक वॉटच्या आसपास चालणारा, पंधरा डॉलरला बाजारात आलेला पाय झिरो २ डब्ल्यू पुरतो. पूर्ण होम असिस्टंट हवं असेल तरच दोन जीबीचा पाय ४. वीज झटक्यात गेली की मेमरी कार्ड बिघडतं, म्हणून नोंदी दर सेकंदाला कार्डावर लिहू नका आणि बॅकअप दुसरीकडे ठेवा.

खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी फ्यूज आणि शंट, मग मोजणारी चिप, मग वीजपुरवठा, आणि उरलेल्या पैशांत बोर्ड. बॅटरी लेड-ॲसिडची असेल तर जोडीला एक हायड्रोमीटर घ्या आणि बोर्डाचा आकडा त्याच्याशी ताडून बघा. जो दुकानदार तुमच्या बॅटरीची क्षमता विचारण्याआधी बोर्डाची किंमत सांगतो, त्याच्याकडून काहीही घेऊ नका.