किल्ली कुणाच्या खिशात?

प्रेमाला भिंती अडवत नाहीत म्हणे. पण भिंतीतल्या दाराची किल्ली हीरोच्याच खिशात असेल तर? 'एपेर्द्युमाँ' या 2016 च्या फ्रेंच फिल्मचा सगळा लोचा इथेच आहे. इंग्लिशमध्ये तिचं नाव 'डाऊन बाय लव्ह'.

जाँ हा बायकांच्या तुरुंगाचा डायरेक्टर. घरी बायको, मुलगी, करिअर एकदम सेट. आना ही दुसऱ्या तुरुंगातून बदलून आलेली तरुण कैदी. आधी नजरानजर, मग जरा जास्तच बोलणं, आणि मग... पुढचं तुम्हीच बघा. आना साकारलीय अदेल एक्सार्कोपुलोसने. हो, 2013 साली कानमध्ये 'ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर'साठी दिग्दर्शकाबरोबर 'पाम दोर' मिळवणारी तीच! समोर गियोम गालिएन. मूळचा रंगभूमीवरचा नट, त्यामुळे हळूहळू कोसळत जाणारा सज्जन माणूस तो न ओरडता उभा करतो.

खरी गंमत पुढे आहे. ही गोष्ट खरी घडलेली. व्हर्सायच्या महिला तुरुंगाचा प्रमुख एका कैदी मुलीच्या प्रेमात पडला, प्रकरण उघडकीला आलं आणि 2012 मध्ये त्यालाच तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्याच वर्षी त्याने पुस्तक लिहिलं. नावाचा अर्थ, 'प्रेम करण्यास मनाई'. 'धूम्रपानास मनाई'च्या पाटीसारखं!

पण ती मुलगी आत का होती? 2006 मध्ये पॅरिसजवळ इलान हलिमी या 23 वर्षांच्या ज्यू तरुणाला पळवून, तीन आठवडे छळ करून मारलं गेलं. त्याला गोड बोलून जाळ्यात ओढण्यासाठी टोळीने हिला वापरलं होतं. तेव्हा ती 17 वर्षांची होती. दिग्दर्शक पिएर गोदोने मात्र हा गुन्हा फिल्मबाहेरच ठेवलाय. का? तो कळला असता तर आपण आनाकडे त्याच नजरेने पाहिलं असतं का? मला तरी ही पळवाट वाटते. इलानच्या घरच्यांचा विचार केला की ती जास्तच खुपते.

आणि त्याहून मोठा प्रश्न संमतीचा. आनाचं त्याच्यावर प्रेम असेलही. पण जो माणूस तुमचं काम, तुमच्या भेटी, तुमचा दिवस ठरवतो, त्याला 'नाही' म्हणायची सोय कितपत असते? आपल्याकडे कायद्याने हे कधीच ओळखलंय. तुरुंगाधिकाऱ्याने पदाचा गैरफायदा घेऊन कैदी स्त्रीला शरीरसंबंधांसाठी राजी केलं, तर तो 1983 पासून वेगळा गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेत त्याला 5 ते 10 वर्षं सक्तमजुरी आहे. ती राजी होती, एवढं म्हणून सुटका नाही.

ऑफिसात बॉस आणि ट्रेनीचं जमलं की आपण कँटीनमध्ये 'सो क्यूट' म्हणतो ना? तिथे गज नसतात, पण अप्रेझलचा फॉर्म कुणाच्या हातात असतो?

तेव्हा वीकेण्डला 'एपेर्द्युमाँ' जरूर बघा, शक्यतो जोडीने. रोमान्समध्ये खुशाल वाहून जा. फक्त एक करा, जाँ दिसला की त्याच्या खिशाकडे लक्ष ठेवा.