पुलाची नाडी मोजा, आकडे फलकावर लावा



पुलाचा प्रश्न शेतकऱ्यांच्या बैठकीत कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतील. त्यांनी कापूस कधी जीनपर्यंत नेलेला नसतो. काटोल, सावनेर, हिंगणा, कुठूनही निघा, वाटेत नदीनाले आडवे येतातच. पूल दुरुस्तीसाठी बंद झाला की फेरा पडतो आणि फेऱ्याचे भाडे आपल्याच कापसाच्या पट्टीतून जाते. पूल पडला तर भाड्याचा हिशेब करायलाही कोणी उरत नाही.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी होऊन हा पूल वाहतुकीस योग्य ठरला होता, असे सरकारनेच नंतर सांगितले. पाहणी झाली होती, पूल तरीही गेला. पाहणे वेगळे आणि मोजणे वेगळे. बोंड वरून हिरवे दिसते, आत अळी असते.

काँक्रीटच्या पुलाचे दुखणेही असेच आतले. काँक्रीट चांगले असेपर्यंत सळईला गंज चढत नाही. पाणी आणि हवा आत शिरली की सळई गंजते, गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. पणजीचा मांडवी पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा त्याला पुरती वीस वर्षेही झाली नव्हती. आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या.

अशा पुलाची दुरुस्ती हवीच. पण दुरुस्तीचा काळ हाच सर्वांत नाजूक. जुवातला एक बैल सोडला की सारे ओझे दुसऱ्याच्या मानेवर येते. एका बाजूचे काँक्रीट फोडले की भार दुसऱ्या बाजूवर जातो. त्याच बाजूने वाहतूक चालू, वर खडी-वाळूचे ढीग आणि यंत्रे. अमेरिकेत मिनियापोलिस येथे १ ऑगस्ट २००७ रोजी असाच दुरुस्ती चालू असलेला लोखंडी पूल पडला आणि १३ माणसे मेली. त्याचे सांधे मुळातच कमजोर होते, त्यावर दुरुस्तीच्या सामानाचे ओझे पडले. मियामीत १५ मार्च २०१८ रोजी बांधकाम चालू असलेला काँक्रीटचा पादचारी पूल खालच्या गाड्यांवर कोसळला, ६ माणसे मेली. तिथे तर भेगा वाढताना दिसल्या होत्या, त्यांचे फोटोही काढले होते. खालचा रस्ता मात्र कोणी बंद केला नाही. मोजलेला आकडा कागदात राहिला तर मोजले काय आणि न मोजले काय!

मोजणे काही अवघड शास्त्र नाही. भेगेवर काचेची पट्टी चिकटवली आणि ती तडकली, तर भेग हलते आहे हे पोरालाही कळते. किती हलते ते भेगमापी सांगते. भरलेला ट्रक उभा केल्यावर गाळा किती झुकतो ते डायलच्या काट्यावर दिसते. भारचाचणीत वजन काढल्यावर साध्या सळई-काँक्रीटचा गाळा २४ तासांत निदान ७५ टक्के परत वर यावा लागतो. सळईच्या गंजाचा अंदाज विजेच्या दाबावरून घेता येतो. एक पथ्य मात्र पाळावे लागते. ३० मीटरचा गाळा २० अंश तापमान वाढले की सुमारे ७ मिलिमीटर लांबतो. नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याशी ताडून चालणार नाही. वेळ आणि तापमान लिहूनच नोंद व्हावी. हे तपासू शकणारी व्हीएनआयटीसारखी संस्था नागपुरातच आहे.

दुसरी गोष्ट ओझ्याची. २०१८ मध्ये केंद्र सरकारने दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर आणि तीन आसांच्या ट्रकचे २५ वरून २८.५ टनांवर नेले. ट्रकची मर्यादा एका कागदाने वाढली. जुन्या पुलाची ताकद कागदाने वाढत नाही.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार मागण्या ठेवत आहोत. दुरुस्तीला घेतलेल्या प्रत्येक पुलावर, तो शहरातला उड्डाणपूल असो की गावनाल्यावरचा, काम सुरू होण्याआधी, चालू असताना आणि संपल्यावर मापे घ्यावीत. ती पुलावरच्या फलकावर आणि ग्रामपंचायतीत मराठीत लावावीत. कोणता आकडा ओलांडला की वाहतूक बंद होईल आणि ती कोण बंद करील, हे आधीच जाहीर करावे. आणि कापूस निघण्याच्या हंगामात पूल बंद ठेवावा लागला तर बैलबंडी व ट्रॅक्टर जाईल असा पर्यायी रस्ता आधी करून द्यावा.

एक गोष्ट आपल्यालाही सांगितली पाहिजे. पूल बंद असला की आडवे लावलेले दगड बाजूला सारून बंडी, ट्रॅक्टर काढणारे आपल्यातच आहेत. फेरा जड जातो, हे खरे. पण आकडे फलकावर असतील आणि ते बंद म्हणत असतील, तर दगडाला हात लावायचा नाही. आकडेच नसतील तर अभियंत्याला जाब विचारायचा, मुकाट्याने पूल ओलांडायचा नाही. पुलाखालची नदी ना ठेकेदाराला ओळखते, ना शेतकऱ्याला.