पुरानंतरचा ताप आणि गुरांच्या डॉक्टरची वही

२०१९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. पंचगंगेचा पूर ओसरून आठवडा झाला होता. शुक्रवार पेठेतल्या गल्ल्यांना अजून चिखलाचा वास होता आणि माझ्या दवाखान्यात तापाच्या रुग्णांची रांग लागली होती. त्या रांगेत करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावचा तिशीतला शेतकरी होता. अंगात ताप, डोके ठणकते, हातपाय मोडून आलेले. त्या दिवसांत असे रुग्ण रोज तीस-चाळीस येत. तापाची गोळी, भरपूर पाणी आणि विश्रांती सांगून मी त्याला घरी पाठवले.

तिसऱ्या दिवशी त्याचा भाऊ त्याला धरून घेऊन आला. डोळे लालभडक. योगायोगाने माझे एक जुने स्नेही रक्तदाब तपासून घ्यायला आले होते. ते गुरांचे डॉक्टर. दूध संस्थांची गावे फिरणे हा त्यांचा रोजचा दिनक्रम. रुग्णाच्या गावाचे नाव कानावर पडताच ते म्हणाले, "डॉक्टर, पोटऱ्या दाबून बघितल्या का?"

मी दाबल्या. रुग्ण कळवळला. लघवीची चौकशी केली, तर आदल्या दिवसापासून जेमतेम झालेली. तासाभरात त्याला मोठ्या रुग्णालयात हलवले. तपासणीत लेप्टोस्पायरोसिस निघाला, इंजेक्शने सुरू झाली, मूत्रपिंडे सावरली आणि बारा दिवसांनी तो आपल्या पायांनी घरी गेला. आज तो ठणठणीत आहे. पण माझ्या हातून त्याचे दोन दिवस वाया गेले, हे मी विसरलेलो नाही.

"तुम्हाला कसे काय सुचले?" मी स्नेह्यांना विचारले. त्यांनी पिशवीतून एक मळकी वही काढली. आठ दिवसांपूर्वीची नोंद होती. त्याच गावातली दोन वासरे तापलेली, लघवी लालसर, गोठ्यात चार दिवस पाणी. शेजारी लिहिले होते, 'लेप्टोचा संशय'. "मग कुणाला सांगितले नाहीत?" या प्रश्नावर ते हसले. "कुणाला सांगू? माणसांच्या डॉक्टरांनी मला कधी विचारलेय का?"

वाचकहो, त्या हसण्याने मी चांगलाच वरमलो. आजचा लेख त्या वहीविषयी आहे.

रोग एक, धागे अनेक

लेप्टोचे जंतू उंदीर, गुरे, कुत्रे, डुकरे यांच्या लघवीतून पाण्यात उतरतात आणि माणसाच्या पायाच्या चिरेतून, जखमेतून शरीरात शिरतात. म्हणजे हा आजार समजायचा तर गोठा समजला पाहिजे, गटार समजले पाहिजे, उंदीर समजला पाहिजे आणि मुळात पाणी गावात का शिरले तेही समजले पाहिजे. यातले एकही मला वैद्यकीय महाविद्यालयात कुणी धड शिकवले नव्हते.

पाणी तर वारंवार शिरू लागले आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शंभर वर्षांत एकदाच असे होते, अशी आपण समजूत घालून घेतली, तोच दोन वर्षांत, २०२१ च्या जुलैत, ते ५६ फुटांच्या वर गेले. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरते, असे भौतिकशास्त्र सांगते. २०२४ साली पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने दीड अंशाहून वर गेले. हवेत साठलेले हे जास्तीचे पाणी कुठेतरी उतरणारच.

पण दोष फक्त आभाळाला देऊन चालणार नाही. पूर आला की आपल्याकडे वाद झडतात. कुणी धरणाकडे बोट दाखवतो, कुणी आलमट्टीकडे, कुणी पावसाकडे, कुणी नदीपात्रातल्या भरावांकडे. पाच वैद्य रुग्णाच्या पाच अवयवांवर भांडत बसावेत आणि रुग्णाने मात्र धापा टाकाव्यात, तसा हा प्रकार. खरे तर प्रत्येकाच्या हाती उपायाचा एकेक तुकडा आहे.

अभियंत्यांचा तुकडा पाहा. त्यांनी नद्यांना निळी आणि लाल पूररेषा आखून दिल्या. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचे नाही, असा नियम. आणि आपण? साखर वाढल्याचा रिपोर्ट खणात ठेवून वर जिलेबी मागवणाऱ्या मधुमेह्यासारखे वागतो.

वनशास्त्राचा तुकडा दाजीपूरला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी राखलेले ते रान १९५८ साली अभयारण्य झाले. पालापाचोळ्याने भुसभुशीत झालेली जंगलाची माती पाऊस जिरवते आणि नदीला सावकाश देते. ढगफुटीसारख्या पावसात एकटे जंगल पूर अडवू शकणार नाही हे खरे. पण जंगल तुटले की साधा पाऊसही गढूळ होऊन धावत सुटतो.

शेतकऱ्यांचा तुकडा तर माझ्या दवाखान्याशी थेट जोडलेला आहे. ऊस तुटला की पाचट पेटवण्याची आपल्याकडची रीत. त्या धुराने दरवर्षी माझे दम्याचे रुग्ण बेजार होतात. जे शेतकरी पाचट न जाळता सरीत कुजवतात, त्यांच्या जमिनीत ओल टिकते, कस वाढतो आणि आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांची छाती मोकळी राहते. दम्यावरचे इतके स्वस्त औषध मला कोणत्याही कंपनीच्या प्रतिनिधीने आजवर दाखवलेले नाही.

गिधाडांचा धडा

वेगवेगळ्या शास्त्रांनी एकमेकांशी बोलायला उशीर केला की काय होते, त्याचे उदाहरण माझ्याच औषधांच्या कपाटात आहे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध. ते गुरांनाही सर्रास देऊ लागले. नव्वदच्या दशकात देशातली गिधाडे पटापट मरू लागली आणि कारण कुणालाच कळेना. पक्षीतज्ज्ञ मेलेली गिधाडे मोजत होते, पण ते औषध गुरांना टोचले जाते हे माहीत असणारे त्यांच्या बैठकीत नव्हते. २००४ मध्ये उलगडा झाला. औषध दिलेले जनावर मेले आणि ते गिधाडाने खाल्ले, की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपी ३ मिलीलिटरपुरती मर्यादित करावी लागली.

तोवर गिधाडे जवळजवळ संपली होती. मेलेली ढोरे उघड्यावर कुजू लागली, पाणी नासले, भटकी कुत्री वाढली. २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की गिधाडे नाहीशी झाल्याने २००० ते २००५ या काळात देशात सुमारे ५ लाख जादा माणसे दगावली असावीत. पक्ष्याचा प्रश्न माणसाचा कधी झाला, हे कळायला अर्थशास्त्रज्ञ लागला!

चांगले उदाहरणही आहे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेने शेकडो बळी घेतले. त्यानंतर महापालिका, हवामानतज्ज्ञ आणि डॉक्टर एकत्र बसले आणि २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा आला. लाट येण्याआधी इशारा, पाण्याची सोय, रुग्णालयांची तयारी. यात नवे औषध एकही नाही. माहिती वेळेवर योग्य माणसाच्या हाती जाते, एवढेच. पुढे अनेक शहरांनी हा कित्ता गिरवला.

एक वही ठेवा

"डॉक्टर, हवामानाचे प्रश्न दिल्ली-मुंबईचे, आपण काय करणार?" असे मला विचारले जाते. धूर कमी करणे, जंगल राखणे, पूररेषा पाळणे ही सरकारची आणि मोठ्या उद्योगांची जबाबदारी आहेच, आणि त्यातून त्यांना सुटका नाही. पण माझी एक साधी सूचना आहे. नदीकाठच्या प्रत्येक गावाने पावसाळ्यात एक पूरवही ठेवावी. शाळेतल्या भूगोलाच्या शिक्षकांनी मुलांकरवी पाऊस मोजून लिहावा. गुरांच्या डॉक्टरांनी जनावरांचे आजार लिहावेत. आशाताईंनी तापाचे आणि जुलाबाचे रुग्ण लिहावेत. शेतकऱ्यांनी आणि मासेमारांनी पाणी कुठवर आले, मासे कधी मेले, ते सांगावे. जून ते सप्टेंबर, दर शनिवारी ग्रामपंचायतीत अर्धा तास ही वही सर्वांसमोर वाचावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावी. २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगावी जैवविविधतेची नोंदवही करायची आहेच. तिच्या शेजारी ही ठेवा. खर्च एका वहीचा.

माझ्या स्नेह्यांची ती नोंद आठ दिवस आधी माझ्या टेबलावर आली असती, तर त्या रुग्णाच्या पोटऱ्या मी पहिल्याच दिवशी दाबल्या असत्या. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय मोडायची, तर सुरुवात इथून करावी. मी स्वतः केली आहे. गेली काही वर्षे पावसाळ्यात दर शनिवारी मी त्यांना फोन करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "गोठ्यात काय चाललेय?"

पुराच्या दिवसांत एवढे लक्षात ठेवा. पाण्यात उतरायचेच झाल्यास गमबूट घाला, पायाची जखम झाकून घ्या. घरी आल्यावर साबणाने पाय धुऊन कोरडे करा. पाणी उकळूनच प्या. पाण्यातून फिरल्यानंतर महिन्याभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले किंवा लघवी कमी झाली, तर अंगावर काढू नका. 'मी पुराच्या पाण्यात होतो' हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिनची गोळी मिळते, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांना ती परस्पर मुळीच घेऊ-देऊ नये.

आणि घरात जनावर आजारी असेल तर तेही सांगा. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी सांगा.