दिवा कधी लागतो?

वाणिज्य शाखेच्या मुलाने मोटारीच्या वायरिंगवर लेख लिहिलेला पाहून आमचे विज्ञान शाखेचे मित्र हसतील. हसोत बिचारे. तेरीज जुळेना म्हणजे काय करायचे, हे आम्हांला अकरावीपासून शिकवलेले असते. तीच साधी गोष्ट आमच्या गाडीच्या बाबतीत कोणी केली नाही, आणि त्यात मीही आलो, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे आप्पा टूरिस्ट टॅक्सी चालवतात. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करून चोर्ला घाट उतरायचा, गोव्यात प्रवासी सोडायचे, तिकडचे कोणी मिळाले तर घेऊन बहुधा रात्रीच परतायचे. गाडी सेकंडहँड, हप्ते अजून फिटायचे आहेत. गेल्या पावसाळ्यात एका रात्री घाट चढताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. अक्षरे ए.बी.एस. ब्रेक जोरात दाबला तरी चाके जाम होऊन गाडी घसरू नये, याची राखण करणारी ही यंत्रणा. चारही चाकांपाशी एकेक सेन्सर असतो, तो चाकाचा वेग कळवतो, आणि एखाद्या चाकाचा हिशेब इतर तिघांशी जुळेना झाला की यंत्रणा स्वतःला बंद करून घेते व दिवा लावते. साधा ब्रेक तेव्हाही लागतो. फक्त राखण सुटते. पण कणकुंबीच्या पावसात, मागे चार परकी माणसे बसलेली असताना, ह्या ‘फक्त’चे वजन फार होते.

सकाळी गाडी चालू केली, तर दिवा गायब!

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीला कॉम्प्युटर जोडला. त्याने पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचे नाव सांगितले. सेन्सर बदलला, बिल 2,600 रुपये. दोन फेऱ्या निर्वेध झाल्या, आप्पांनी देवापुढे नारळ फोडला, आणि तिसऱ्या फेरीला दिवा पुन्हा हजर. आता सांगण्यात आले की मुख्य युनिटच गेले असणार, खर्च 38,000. आमच्या घरात ह्या आकड्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आप्पा म्हणाले, “जाऊ दे. पूर्वीच्या गाड्यांना कुठे होते हे असले? चालवतो तशीच.” तेही खोटे नाही, आपल्याकडे सगळ्या नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली ती 2019 साली. पण त्या दिवसापासून आप्पा परत येईपर्यंत आई जागी राहू लागली. “झोप येत नाही गं बाई,” असे शेजारणीला सांगे. कारण आम्हां सर्वांना माहीत होते.

शेवटी कोणीतरी गाड्यांचे वायरिंग करणाऱ्या एका म्हाताऱ्या मामांचा पत्ता दिला. मामा कानडी, मराठी समजते, बोलतात मात्र आपल्याच भाषेत. त्यांनी बॉनेट उघडले नाही, गाडीला हातही लावला नाही. आप्पांचे सगळे ऐकून घेतले आणि एकच शब्द विचारला: “यावाग री?”

कधी? दिवा लागतो, पण कधी? तीन आठवड्यांत हा प्रश्न आम्हांला कोणी विचारला नव्हता. ‘काय बिघडले’ हे सगळेच विचारत होते. आप्पा म्हणाले, “रात्री.” मामा म्हणाले, रोज रात्री? आप्पा गप्प. मग मामांनी सांगितले की आठ दिवस लिहून आणा, मग बघू.

लिहून आणणे हे तर माझे काम! मी वहीवर रोकडवहीसारखे रकाने आखून दिले: वेळ, जागा, वेग, पाऊस, आणि त्या वेळी गाडीत काय काय चालू होते. आप्पा कुरकुरत लिहू लागले. आठ दिवसांत नऊ फेऱ्या झाल्या. दिवा लागला चार वेळा, चारही वेळा रात्री. पाचवी एक रात्र मात्र कोरी गेली होती. त्या रात्री आकाश स्वच्छ होते. मी रकाने ताडून पाहिले आणि माझ्या पोटात गोळा आला. उरलेल्या चारही रात्री धुके होते, वेग वीसच्या आत होता, आणि धुक्याचे दिवे चालू होते.

ते दिवे मी बसवले होते. सुट्टीत एका दुकानात हिशेब लिहून मिळालेल्या पैशांतून बाजारातला स्वस्त एलईडी जोड आणला, आणि एका मित्राच्या मदतीने बसवला. आप्पांना घाटात दिसावे म्हणून. सर्व्हिस सेंटरमध्ये मी ह्या दिव्यांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. लपवायचे म्हणून नव्हे. ब्रेकचा आणि दिव्यांचा संबंधच काय, असे वाटले. त्यांनीही विचारले नाही.

मामांनी वही पाहिली आणि कपाटातून खिशात मावेल असा जुना ट्रान्झिस्टर काढला. मीडियम वेव्हवर कुठलेच केंद्र लागत नाही अशा जागी काटा ठेवला आणि तो बंपरजवळ धरला. मला म्हणाले, दिवे लाव. लावले, तर रेडिओ गांधीलमाशीसारखा गुणगुणू लागला. बंद केले, शांत. डाव्या चाकाच्या बाजूला तर आवाज कानठळ्या बसवणारा.

आत पाहिले तेव्हा उलगडा झाला. स्वस्त एलईडीच्या आतले सर्किट सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करते. अशी धडधडणारी वीज ज्या तारेतून जाते, तिच्या शेजारच्या तारेतही थोडी वीज उमटते. मायकेल फॅरडेने 1831 मध्ये दाखवून दिलेला हा नियम आपण सर्वांनी शाळेत पाठ केला आहे. गंमत अशी की आमच्या गाडीतला जुन्या धाटणीचा सेन्सरही त्याच नियमावर चालतो: लोहचुंबक, त्यावर तारेची गुंडाळी, समोरून दातेरी कडे फिरते. चाक जोरात फिरले की भरपूर वीज उमटते, सावकाश फिरले की अगदी किंचित. म्हणजे घाटातल्या वळणावर, गाडी रांगत असताना, सेन्सरचा खरा आवाज सर्वांत क्षीण, आणि धुक्यामुळे माझ्या दिव्यांचा गोंगाट नेमका त्याच वेळी चालू. यंत्रणेला वाटे की डावे चाक वेडे झाले.

सेन्सरच्या दोन तारा कारखान्याने एकमेकींत पिळलेल्या होत्या. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने टेलिफोनच्या तारांसाठी 1881 मध्ये ह्याच युक्तीचे पेटंट घेतले होते. गोंगाट दोन्ही तारांत सारखाच शिरतो आणि वजाबाकीत उडून जातो. आमच्या भाषेत, नावे आणि जमा दोन्हीकडे सारखीच चूक. पण पूर्वीच्या मालकाच्या काळात कधीतरी दीड वीत तुकडा जोडलेला होता, तो पिळलेला नव्हता. आणि आमच्या मित्रवर्यांनी दिव्यांची तार नेमकी त्याच तुकड्याला टेपने घट्ट बांधली होती!

मामांनी तुकडा काढून नवी पिळलेली तार घातली, दिव्यांची तार दुसऱ्या बाजूने दूर नेली, तिच्यावर फेराइटचे एक कडे चढवले. चारशे रुपये झाले.

तेव्हा माझे म्हणणे असे. कॉम्प्युटरने ‘डावा सेन्सर’ म्हटले ते खोटे नव्हते. पण तो साक्षीदार होता, न्यायाधीश नव्हे. गडबड कोणत्या खात्यात दिसते, एवढेच त्याने सांगितले. ती कुठून आली, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. तेरीज जुळली नाही की फरक आपण सस्पेन्स खात्यात टाकतो आणि मूळ चूक शोधायला रोजकीर्दीकडे परत जातो. फरक सापडला म्हणून खातेवहीच नवी विकत आणणाऱ्या कारकुनाला कोणी नोकरीवर ठेवील काय? मोटारीच्या बाबतीत मात्र आपण ते मुकाट्याने सोसतो, कारण पडद्यावर अक्षरे उमटलेली असतात. सर्व्हिस सेंटरच्या फॉर्मवर ‘तक्रार’ अशी एक ओळ असते. तिच्याखाली ‘केव्हा?’ अशी दुसरी ओळ छापायला कितीसा खर्च येईल? आणि ‘गाडीत बाहेरून काय बसवले आहे?’ अशी तिसरी? ही तिसरी असती तर मला बोलावे लागले असते, आणि आईची झोप इतके दिवस उडाली नसती. त्या 2,600 रुपयांपैकी निम्मे मी माझ्या नावे मांडले आहेत. आप्पा ते घेत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

वही आता गाडीच्या कप्प्यात असते. परवाच्या पानावर आप्पांचे अक्षर आहे: रात्री 11.40, कणकुंबी, धुके, वेग 15, पुढचे दिवे चालू. शेवटच्या रकान्यात आडवी रेघ.