साखरेचा हिशेब बाळंतपणाआधीचा

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर खरीप बटाट्याची काढणी सुरू झाली की पेठ, कुरवंडी, कोल्हारवाडीच्या शिवारात बायका दिवसभर ओणव्या असतात. उघडे पडलेले बटाटे वेचायचे, माती झटकायची, पाटी भरायची आणि ढिगावर नेऊन ओतायची. त्यांतली एखादी पोटुशी असली तरी हंगाम तिच्यासाठी थांबत नाही. मधुमेहाची चर्चा मात्र तिच्यापर्यंत पोचतच नाही. ती होते चाळिशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या माणसाकडे बोट दाखवून. हा क्रम बदलायला हवा.

रक्तातली साखर सांभाळणारी व्यवस्था तशी चोख आहे. बटाट्याची भाजी आणि भाकरी पोटात गेली की पिष्टाची साखर होऊन रक्तात उतरते. जठराच्या मागे आडव्या असलेल्या स्वादुपिंडाला ती लगेच जाणवते. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात आणि स्नायू ही साखर ओढून घेतात, यकृत ती साठवतं. उपाशीपोटी शेजारच्याच अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात, मग यकृतातला साठा पुन्हा रक्तात येतो.

गरोदरपणात या व्यवहारात वार उतरते. तिची संप्रेरकं आईच्या शरीरावरचा इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात, म्हणजे बाळाच्या वाट्याला साखर जास्त यावी. आईचं इन्सुलिन मात्र वार ओलांडून पलीकडे जात नाही. बाळ आपलं इन्सुलिन आपणच तयार करतं आणि गर्भातली वाढ, अंगावरची चरबी यांवर त्याचा मोठा अंमल असतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नेमका हाच धागा पकडला. 1993 मध्ये त्यांच्या चमूने पुणे जिल्ह्यातल्याच सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. या बायांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन जेमतेम 42 किलो. बाळ जन्मलं की त्याचं वजन, डोक्याचा आणि दंडाचा घेर मोजायचा, पाठीवर फऱ्याखालची कातडी चिमटीत धरून तिची जाडी मोजायची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं सरासरी वजन साडेतीन किलो, इथल्यांचं 2.7. हडकुळी दिसणारी ही बाळं स्नायूंनी उणी होती. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुण्याच्या आणि लंडनच्या नवजात बाळांची तुलना 2002 मध्ये प्रसिद्ध झाली. पुण्याची बाळं वजनाने कमी, तरी त्यांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त होतं.

मोठेपणीही हा फरक दिसतो. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. उंची-वजनाच्या हिशेबाने दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिन यांची 9.1. किडकिडीत दिसणाऱ्या माणसालाही साखर का होते, याचं एक उत्तर त्या फोटोत आहे.

याचा ठपका आईवर ठेवणं अन्यायाचं होईल. सहा गावांच्या अभ्यासात पालेभाजी, फळं आणि दूध ज्यांच्या खाण्यात जास्त, त्यांची बाळं अंगाने बरी निघाली. शेतातलं आणि पाणी वाहण्याचं काम ज्यांच्या अंगावर जास्त, त्यांची लहान. निम्म्याहून अधिक बायांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात बी-12 कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होतं. बी-12 मिळतं ते दूध, अंडी, मांस यांतून. गोठ्यात गाय असली तरी दूध डेअरीला जातं आणि सुनेच्या वाट्याला चहापुरतं उरतं, हे कुठल्याही गावात दिसतं.

सरकार किशोरवयीन मुलींना आठवड्याला लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी देतं, गरोदर बाईला रोज लाल. दोन्हींत बी-12 नाही. याच अभ्यासातल्या मुला-मुलींना किशोरवयापासून रोज 2 मायक्रोग्रॅम बी-12 देण्याचा प्रयोग केईएमने करून पाहिला आहे. इतकी छोटी मात्रा सरकारी गोळीत घालणं अवघड नाही. जिल्हा परिषदेने त्याची सुरुवात आंबेगाव आणि जुन्नरपासून करावी. गरोदरपणातली साखरेची तपासणी गावातच व्हावी, त्यासाठी बाईला मंचरला हेलपाटा पडू नये. आणि काढणीच्या दिवसांत पोटुशीला पाटी उचलायला लावायची नाही, असा ठराव ग्रामसभेने करावा. त्याला पैसा लागत नाही, आशाताईंनी आणि घरातल्या सासूबाईंनी तो पाळला जातो ना, एवढं बघायचं.