नजराणा गेला, मामुल राहिले

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्या आदिलाबादेत झेंडे लागतात, भाषणे होतात. १९४८ साली याच दिवशी निजामाची सत्ता संपली. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. १९५२ मध्ये हैदराबाद राज्यात लोकांनी निवडलेले पहिले सरकार आले. राज्य जनतेचे झाले. पण वजनदार मंडळींची वृत्ती बदलली काय?

निजामाच्या दरबारात नजराणा ठेवण्याची रीत होती. गावात देशमुख, पाटील, पटवारी यांच्या दारी तीच रीत वेठबिगारीच्या रूपाने नांदत होती. १९८४ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने वंशपरंपरागत पटेल-पटवारी पद्धत मोडली. २०२० मध्ये तेलंगणात ग्राम महसूल अधिकाऱ्याचे पदही गेले, 'धरणी' पोर्टल आले. २०२५ मध्ये 'भूभारती' कायदा आला. खुर्च्या बदलल्या, मामुल मात्र राहिले.

याला केवळ कारकून जबाबदार आहे काय? कारकुनाने दोनशे रुपये घेतले तर आपण त्याला लाचखाऊ म्हणतो. पुढाऱ्याने कंत्राट घरातच ठेवले तर त्याला कर्तबगार म्हणून शाल पांघरतो. वर म्हणतो, "खाल्ले तर आपल्याच माणसाने खाल्ले!" शिकलेली मंडळी दोष देतात गरिबाला, की तो नोट घेऊन मत देतो. नोट वाटणाऱ्याच्या गाडीत कोण बसलेले असते, हे मात्र कोणी सांगत नाही.

खरी गोष्ट अशी की ज्याची ओळख आहे त्याचे काम फोनवर होते. त्याला लाच द्यावी लागत नाही, म्हणून ती त्याला दिसतही नाही. ती दिसते गोंड, कोलाम बांधवांना, विधवा बहिणीला, आणि तेलुगू कागद वाचता न येणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला. पासबुकासाठी तो मध्यस्थाच्या हाती सापडतो. आणि तो मध्यस्थ पुष्कळदा आपल्यासारखाच गोड मराठी बोलणारा असतो!

म्हणून समाजातील वकील, गुरुजी, व्यापारी बंधूंना आमची कळकळीची विनंती आहे. गावात आठवड्यातून एक दिवस बसा, अडलेल्याचा अर्ज फुकट लिहून द्या. माहिती अधिकार कायदा २००५ पासून आहे. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावेच लागते. कोणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ क्रमांकावर तक्रार करताना त्याच्या पाठीशी उभे राहा. आणि पुढच्या सत्कारापूर्वी हार कोणाच्या गळ्यात घालतो आहोत, एवढे तरी पाहा.

मुक्तिदिनाचा झेंडा कोणीही लावील. वेठ मनातून गेली पाहिजे.